ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येतं. दात साफ करून घेतले तर ते ढिले होतात का?

तुम्ही लिहिलंय की दोन महिन्यांपासून ब्रशला रक्त लागतं म्हणून त्या बाजूला घासणंच सोडलंय, आणि दात साफ केले की हलायला लागतात असं घरचे म्हणतात म्हणून दवाखान्यात गेला नाहीत. मी डॉक्टर नाही, पण या दोन्ही चुका आमच्या घरात होऊन गेल्यात.

आम्ही परभणी जिल्ह्यातले. माझी माय तीस वर्षं मिसरी लावायची. तव्यावर तंबाखू भाजतानाचा तो ठसका अजून नाकात आहे. तिच्या हिरड्यांतून कधी रक्त आलं नाही, म्हणून "माझे दात बरे हायेत" असंच ती म्हणायची. तंबाखूने हिरड्यांचा रक्तपुरवठा कमी होतो, त्यामुळे आजार आत वाढत असला तरी रक्त फारसं दिसत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं. खालचे पुढचे दोन दात हलायला लागले, भाकरीचा तुकडा दाताने तुटेना, तेव्हा तिला छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेलं.

"साफ नको करू म्हणावं, खिळखिळे करतेत ते," असं ती खुर्चीत बसेपर्यंत म्हणत होती. डॉक्टर बाईंनी छोट्या आरशात तिला खालच्या दातांची आतली बाजू दाखवली. मुळाशी काळपट पिवळा थर होता, दगडासारखा टणक, आणि दोन दातांमधली फट त्यानं पार बुजून गेलेली. साफ करताना चूळ भरली तेव्हा त्याचे ज्वारीच्या कण्यांएवढे तुकडे पडले. माय ते बघतच राहिली.

हा थर निघाला की फटी मोकळ्या होतात, सुजलेली हिरडी आक्रसते, जिभेला दात वेगळे लागतात आणि थोडे दिवस थंड पाणी झिणझिणतं. लोकांना वाटतं दात ढिले केले. खरं तर दात ढिला होतो तो हिरडीखालचं हाड झिजल्यामुळे, आणि ते झिजवतो तो आजार, ज्याला आपण पायरिया म्हणतो. गेलेलं हाड सहसा परत येत नाही. मायचे ते दोन दात वाचले नाहीत, बाकीचे मात्र हिरडीखालून खोल सफाई केल्यावर टिकले.

तुमचं नुसतं रक्त येत असेल, दात हलत नसतील, तर बहुतेक अजून पहिली पायरी असेल, आणि ती पूर्ण बरी होते. जिथे रक्त येतं तिथेच जिवाणूंचा थर साचलेला असतो, म्हणून तिथेच घासायचं, फक्त हलक्या हाताने. मऊ ब्रश घ्या, तो हिरडी आणि दाताच्या सांध्यावर तिरका धरा, थोडा थोडा हलवत दोन मिनिटं, सकाळी आणि रात्री झोपताना. रात्रीचं चुकवू नका. दातांच्या फटीत ब्रश जात नाही, तिथे फटीचा बारीक ब्रश किंवा दातांचा दोरा वापरा. मला स्वतःला फरक पडला तो यानेच. नीट घासलं की आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त कमी होतं. पण एकदा दगड बसला की तो घरी कशानेच निघत नाही, त्याला दवाखानाच. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी बरं वाटतं, तेवढंच. राखुंडी, कोळसा, जाडं मीठ घासू नका, त्यानं दात झिजतात. मिसरी, गुटखा असेल तर आजच बंद करा.

पू येत असेल, हिरडी दातापासून सुटली असेल किंवा दात हलत असेल तर थांबू नका. आणि एक तपासणी राहू देऊ नका, रक्तातल्या साखरेची. साखर वाढलेली असली की हिरड्या लवकर बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आटोक्यात राहायला त्रास होतो. मायची साखर आम्हाला त्याच फेरीत कळली.