कवयित्री व्हायचंय, मग बी.एड. कशाला?

प्रश्न: मुलगी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ब्राझीलच्या आदेलिया प्रादो यांच्या कविता तिनं इंग्रजीतून वाचल्या. आता म्हणते, बी.एड. करणार नाही, पूर्णवेळ कविताच लिहिणार. घरात रोज वाद होतात. काय करावं? – एक आई, सांगली

उत्तर: ताई, वाद थांबवा आणि प्रादोबाईंचा बायोडेटाच तिच्यापुढे ठेवा. मिनास जेराइस राज्यातल्या दिविनोपोलिस गावात रेल्वे कामगाराच्या घरी १९३५ साली जन्म. चोवीस वर्षं मास्तरकी. लग्न, पाच मुलं आणि हे सगळं सांभाळून १९७३ मध्ये तत्त्वज्ञानाची पदवी. पहिला संग्रह ‘बागाजें’ आला १९७६ मध्ये, चाळिशीत. तोही कसा? हस्तलिखित एका समीक्षकाकडून ज्येष्ठ कवी द्रुमोंद यांच्याकडे गेलं आणि त्यांनी प्रकाशकाकडे शब्द टाकला. (द्रुमोंद स्वतः कित्येक वर्षं सरकारी नोकरीत होते, हेही तिला सांगा.) दुसऱ्या संग्रहाला १९७८ चा जाबुती हा ब्राझीलमधला मानाचा साहित्य पुरस्कार मिळाला, त्यानंतर १९७९ मध्ये बाईंनी शाळा सोडली. पोर्तुगीजमधला सर्वांत मानाचा, एक लाख युरोंचा कामोंइश पुरस्कार मिळाला २०२४ मध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी. एवढ्या भरवशावर घरभाडं निघत नाही.

पण तुम्हीही कवितेला ‘छंद’ म्हणून बाजूला सारू नका. प्रादोंची ‘लग्न’ नावाची कविता तिच्याकडून वाचून घ्या. नवरा रात्री मासे घेऊन येतो, बायको उठते, दोघं स्वयंपाकघरात खवले काढतात, मासे चिरतात, मीठ लावतात, कोपराला कोपर लागतो. मध्यरात्री उठायचं की नाही, हे जिचं तिनं ठरवावं. पण कविता तिथेच सापडली, ही गोष्ट खरी.

शिकवण्याचा मनापासून कंटाळा असेल तर बी.एड.चा हट्ट सोडा. ग्रंथालयशास्त्र, बँक, मुद्रितशोधन, काहीही चालेल. मात्र लिहायला रोज तासभर उरेल अशीच नोकरी बघा. पदरचे पैसे घालून संग्रह काढायचा नाही, हे मात्र ठामपणे सांगा. आधी मासिकांकडे, दिवाळी अंकांकडे कविता पाठवू द्या. साभार परत आल्या तरी बिघडत नाही.

आणि प्रादोंचं वेड टिकलंच, तर पोर्तुगीज शिकू दे. गोवा विद्यापीठात पोर्तुगीज शिकवतात, तिथे चौकशी करा. थेट पोर्तुगीजमधून मराठीत आणणारे हात फार थोडे आहेत.