कोकणातली अंजनी, करवंद, पिटकुळी अशी सदाहरित झुडपं कोणत्या महिन्यात फुलतात, याचं वेळापत्रक जुन्या हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पती-नमुन्यांचा संग्रह) नोंदींवरून काढता येईल का?

येईल, पण तुम्ही म्हणताय तसं महिनावार वेळापत्रक आयतं हाती लागणार नाही. त्या तारखेला त्या फांदीवर फूल होतं, एवढंच शीट (वाळवलेली फांदी चिकटवलेला कागद) सांगते. एखाद्या महिन्याची शीटच नसेल तर त्या महिन्यात बहर नसतो, असं मात्र धरू नका. जुलैत कोकणात नमुने दाबून बघा: टीपकागद वाळत नाहीत आणि फांदीला बुरशी धरते. त्यात कॉलेजच्या सहली निघणार दिवाळीच्या नाहीतर मेच्या सुट्टीत. पिटकुळी भर पावसातही लाल दिसते, हे सड्यावर (जांभ्या खडकाच्या पठारावर) गुरं नेणाऱ्याला विचारा. संग्रहात ते क्वचितच उमटतं. अंजनीचं त्या मानानं बरं, कारण तिचा निळा-जांभळा बहर उन्हाळ्याच्या तोंडाला येतो आणि तेव्हा माणसं रानात फिरत असतात.

खरा घोळ ठिकाणाचा. एकोणिसाव्या शतकातल्या हूकर-थॉमसन या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नमुना-संचाचं छापील लेबल बघा. ठिकाण 'मलबार, कोंकण इत्यादी', गोळा करणारे 'स्टॉक्स, लॉ इत्यादी'. दोन इत्यादींत अख्खा पश्चिम किनारा! अशी शीट बहराच्या हिशेबात मी धरतच नाही. नंतरच्या शीटा बऱ्या, फक्त जिल्हे तपासा. सिंधुदुर्ग 1981 साली वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या सावंतवाडी-मालवणच्या नमुन्यांवर 'रत्नागिरी जिल्हा' असू शकतं. रायगडचं कुलाबा, पालघरचं ठाणे. संगणकावर नोंद चढवताना कोणी नुसता जिल्हा वाचून नकाशावर खूण केली, की आंबोलीचं झुडूप थेट रत्नागिरीत जाऊन बसतं.

नावं जुनी आणि नवी, दोन्ही टाकून शोधा. कुकच्या फ्लोरात (मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ, 1901 ते 1908) अंजनी 'मेमेसिलॉन एड्युले' आहे, आज ती 'मेमेसिलॉन अम्बेलेटम' म्हणून सापडते.

घरबसल्या जीबीआयएफ या जगभरच्या जीवनोंदींच्या संकेतस्थळावर सुरुवात करा, फुकट आहे. मूळ शीटांसाठी मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम, पुण्यात बॉटनिकल सर्व्हेचं पश्चिम केंद्र आणि आघारकर संस्था. जाण्याआधी परवानगी मागा. शीट समोर आली की नुसतं 'फूल आहे' असं लिहू नका. कळी, उमललेलं फूल, कोवळं फळ असे वेगळे रकाने करा. करवंदाच्या एकाच फांदीवर फुलं आणि हिरवी फळं दोन्ही मिळू शकतात. अंजनीची बारीक फुलं वाळल्यावर गळतात आणि रंगही उडतो, म्हणून लेबलावर कोणी रंग लिहिलाय का ते पाहा. शीटवर चिकटवलेलं छोटं कागदी पाकीट असेल तर गळलेला ऐवज त्यात असतो. ते स्वतः उघडू नका, तिथल्या माणसाला उघडायला सांगा.