बायबलमधल्या मत्तय 20 मधला द्राक्षमळ्याचा दाखला अन्यायाचा वाटतो, मुलांना काय सांगू?

तुम्ही लिहिलंय की संडे स्कूलमध्ये येशूचा हा दाखला, म्हणजे बोधकथा, सांगताना एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, दिवसभर उन्हात राबला त्यालाही एक दिनार आणि तासभर काम केलं त्यालाही एकच दिनार, हे बरोबर कसं? तुम्हाला उत्तर सुचलं नाही, आणि आता तो दाखला तुम्हालाच टोचतोय.

त्या मुलीला आधी शाबासकी द्या. तो टोचावा म्हणूनच येशूने तसा सांगितलाय. संध्याकाळी मजुरी वाटताना मालक कारभाऱ्याला सांगतो की शेवटी आलेल्यांपासून सुरुवात कर. पहाटेच्या लोकांना आधी पैसे देऊन घरी लावून दिलं असतं, तर कोणी ब्र काढला नसता. पण त्यांना उभं राहून बघायला लावलंय.

मी नाशिकचा. राहायला शरणपूर रोडला, आणि पोटापाण्यासाठी दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदाराचा हिशेब सांभाळतो. हजेरी, उचल, उक्तं, रोजंदारी, सगळं माझ्या वहीत असतं. त्यामुळे हा दाखला वाचताना माझी नजर आधी चौकाकडे जाते, जिथे माणसं कामाची वाट बघत उभी होती.

आमच्याकडे गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची वेलींची छाटणी, सुरू झाली की पेठ, सुरगाणा, हरसूल या बाजूची माणसं कामाला उतरतात. टोळ्या बागेवरच मुक्कामाला असतात, ते वेगळं. पण जे सुटे असतात ते सकाळी नाक्यावर येतात. डबा हातात, डोक्याला रुमाल. पिकअप येऊन थांबते, मुकादम खाली उतरतो आणि बोट दाखवून माणसं निवडतो. तरणी जोडपी पहिल्या गाडीत जातात. मग ज्यांचा हात कात्रीला सरावलाय ते. नऊ-साडेनऊ झाले की उरतात ती माणसं नीट बघा: पाठीत वाकलेला म्हातारा, कडेवर लेकरू असलेली बाई, बोटाला चिंधी बांधलेला एखादा. अकराच्या सुमाराला त्यातलं कोणीतरी फडकं सोडतं आणि दुपारी बागेत बसून खायची भाकरी तिथेच नाक्यावर खाऊन घेतं. आज काम नाही हे तेव्हा त्याने मनाशी कबूल केलेलं असतं.

आता दाखल्यातली पाच वाजताची, म्हणजे दिवस संपायला तासभर असताना कामावर घेतलेली माणसं बघा. मालक विचारतो, दिवसभर इथे रिकामे का उभे राहिलात? ते म्हणतात, आम्हाला कोणी कामावर लावलंच नाही. म्हणजे ती माणसं उशिरा आलेली नाहीत, दिवसभर तिथेच होती. आपण सगळे सरसकट त्यांना उशिरा आलेले म्हणतो आणि मग त्यांच्या मजुरीवर वाद घालतो. तुमच्या त्या मुलीला उत्तराची सुरुवात इथून करून द्या.

मग हिशेब मांडा. दिनार म्हणजे त्या काळचा साधारण एका दिवसाचा रोज. आजच्या भाषेत समजा 400 रुपये. पहाटे सहा ते संध्याकाळी सहा बारा तास धरले, तर शेवटच्या तासाचे होतात साधारण 33 रुपये. वहीत ते अगदी बरोबर बसतात. पण 33 रुपयांत गावाकडची एसटी तरी मिळेल का? घरी चूल पेटायला लागतो तो पूर्ण दिवसाचा रोज. लेकरं खातात ती बापाने किती तास काम केलं यावर ठरवून खात नाहीत. मालकाने त्या माणसाच्या घराकडे बघून पैसे दिले, एवढीच गोष्ट आहे, आणि माझ्या मते संपूर्ण दाखल्याचा कणा इथे आहे.

यावर एक शंका हमखास येते, आणि ती रास्त आहे. मालक म्हणतो की माझ्या पैशाचं मला हवं ते करायची मोकळीक मला नाही काय. हे वचन पुढे करून उद्या कोणी मजुराला कमीही देईल, नाही का? तर नाही. ह्या मालकाने पहाटेच्या लोकांशी एक दिनार ठरवला आणि एक दिनार दिला. ठरल्यापेक्षा कमी त्याने कोणालाच दिलं नाही, दिलं ते जास्तच. शिवाय पैसे त्याच संध्याकाळी दिले, कारण जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात नियमशास्त्राची सक्त आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी, त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो. जुन्या करारातलंच लेवीय 19 तर पुढे जाऊन सांगतं की मळ्यातली सगळी द्राक्षं खुडून घेऊ नका, गळालेली वेचू नका, ती गरिबांसाठी आणि परक्यांसाठी राहू द्या. आणि याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेली मजुरीच ओरडते. ज्याला मजूर नाडायचाय त्याला बायबलमध्ये आधार सापडणार नाही, कितीही शोधू दे. मी म्हणूनच आमच्याकडे हट्ट धरतो की रोजंदारीचा पैसा त्याच संध्याकाळी हातात पडला पाहिजे, आठवड्यावर ढकलायचा नाही. रोजच्या जगण्यातला विश्वास म्हणाल तर माझ्या बाबतीत तो बराचसा त्या पैशाच्या पेटीजवळच असतो.

पण येशूने हा दाखला शेतमजुरीचे दर ठरवायला सांगितलेला नाही, हेही तितकंच खरं. मागचा अध्याय उघडा. श्रीमंत तरुण खिन्न होऊन निघून गेल्यावर पेत्र विचारतो, आम्ही तर सर्व सोडून तुझ्यामागे आलो, आम्हाला काय मिळणार? येशू त्याला मोठं वचन देतो, आणि लगेच हा दाखला सांगतो. म्हणजे ही गोष्ट पहाटेपासून मळ्यात असलेल्यांना सांगितलेली आहे.

आणि ते कोण, हे आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मिशनच्या काळापासूनची घराणी, आजोबा पाळक, पणजोबा मिशनच्या शाळेत मास्तर. असल्या घरातला मीही आहे आणि त्याबद्दल मला देवाचे उपकारच वाटतात. पण मागच्या वर्षी विश्वासात आलेला माणूस प्रभुभोजनाला शेजारी येऊन बसला की कोणाच्या तरी कपाळाला आठी पडते. त्याला काय कळतं, असं उपासना संपल्यावर चहा पिताना बोललं जातं. हीच ती पहाटेच्या लोकांची कुरकुर. त्यांचा दिनार कमी झालेला नव्हता, शेजाऱ्याचा दिनार त्यांच्या डोळ्यात खुपत होता.

तेव्हा मला आमचंच शरणपूर आठवतं. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीची इथे वसाहत होती आणि तिच्या शाळेत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकत. ना घराणं, ना गाव, आईबाप कुठे आहेत तेही ठाऊक नाही. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याचं हृदय तिथल्या झाडाखाली पुरताना अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती जेकबने. सोबत्यांनी तो देह शेकडो मैल चालत समुद्रापर्यंत आणला, आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबी या चर्चमध्ये शवपेटीला हात लावणाऱ्यांत नाशिकच्या शाळेतला हा मुलगा होता. मंडळीत कोण किती जुना हे मोजायला बसलो, तर ह्या मुलाला आपण कुठल्या रांगेत उभं केलं असतं?

वर्गात हे सगळं सांगू नका, मुलं लहान आहेत. त्यांना आधी नाका रंगवून सांगा, कोणाला पहिल्या गाडीत घेतलं आणि कोण मागे राहिलं ते. मालक एकदा नाही, पुन्हा पुन्हा नाक्यावर येतो, पदरी कारभारी असताना स्वतः येतो, हे त्यांच्या लक्षात आणून द्या; मुलांना ते फार आवडतं. मग त्या मुलीलाच विचारा की तू त्या म्हाताऱ्याची नात असतीस आणि दारात वाट बघत असतीस, तर आजोबांनी किती पैसे आणलेले तुला बरोबर वाटले असते. तिला बोलू द्या, मधे पडू नका. वर्गावर जायच्या आधी मत्तय 19 मधलं 27वं वचन आणि त्याच्या पुढचं मात्र तुम्ही स्वतः एकदा सावकाश वाचून घ्या.