आधी वर्गात जाऊन बस

प्रिय पोरी,

तुझी तिन्ही एलेव्हेशन्स, म्हणजे दर्शनी बाजूची चित्रं, मिळाली. देखणी आहेत. पण 'सर, यातलं कुठलं घेऊ?' हा प्रश्नच मला पटला नाही. बालवाडी बांधायची आहे ना? मग एलेव्हेशन आधी आलंच कसं?

दुसऱ्या चित्रातला विटांचा मनोरा आणि त्यावरचं घड्याळ बघून कळलं, क्रो आयलंड शाळेचे फोटो पाहिलेस. पाहायलाच हवेत. पण शिकागोजवळ विनेटकात १९४० साली उघडलेल्या त्या शाळेतून तू मनोरा तेवढा उचललास आणि दिव्याची बटणं तिथेच सोडून आलीस. ती बटणं पोरांचा हात पोचेल इतक्या खाली आहेत.

त्या शाळेसाठी सगळे वास्तुविशारद एलिएल सारिनेन आणि त्यांचा मुलगा ईरो यांची नावं घेतात. मला त्यांच्यासोबतचा वास्तुविशारद लॉरेन्स पर्किन्स आठवतो. तिशीतला, तुझ्याहून फार मोठा नाही. त्याची फर्म नवखी, म्हणून थोरल्या सारिनेनना सोबत घेतलं गेलं. पण आठवडेच्या आठवडे वर्गात जाऊन बसला तो पर्किन्स. शिक्षकांशी बोलला, झाडलोट करणाऱ्यांशीही बोलला. आधी बसला, रेघ नंतर मारली.

आणि त्या बसण्यातून काय निघालं बघ. १२ फुटांचा रिवाज सोडून वर्गाचं छत ९ फुटांवर आलं. वर्ग एल आकाराचा झाला: एका भागात बसणं-शिकणं, दुसऱ्यात सिंक आणि हातकामाची जागा, शिवाय वर्गाचं स्वतःचं स्वच्छतागृह. चार वर्षांच्या पोराला चड्डी धरून लांबलचक व्हरांडा तुडवायला नको. प्रत्येक वर्गाला बाहेर आपलं अंगण. सभागृहात पुढच्या खुर्च्या छोट्या, मागे जावं तशा मोठ्या. विनेटकाच्या शाळांत काम करणाऱ्या फ्रान्सिस प्रेस्लर यांनी तर वास्तुविशारदांना पत्र लिहून बजावलं होतं, की जपत बसावं लागेल इतकी सुंदर इमारत नको, मुलांना ती वापरता आली पाहिजे.

आपल्याकडे वेगळं काय घडलं? बोर्डीत मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. त्या दोघीसुद्धा आधी मुलांपाशी जाऊन बसल्या.

मी बसलो नाही. माझ्या पहिल्या बालवाडीत खिडक्यांची सिल, म्हणजे खालची कड, साडेतीन फुटांवर घेतली. मुलांचं लक्ष बाहेर जातं, असं संस्थेचं म्हणणं होतं आणि मी मान डोलावली. उद्घाटनानंतर सहा महिन्यांनी गेलो. एका मुलीने स्टूल खिडकीशी ओढलं, वर चढली, गज धरले आणि बाहेर हापशावर पाणी भरणाऱ्या आजीला हाक मारली. बाईंनी तिला उचलून खाली ठेवलं, स्टूल कपाटामागे सरकवलं. जरा वेळाने बघतो तर दोन दप्तरं एकावर एक रचून ती पुन्हा टाचा उंचावून उभी. या वेळी नुसते केस दिसत होते, सिलच्या वर डोळे पोचत नव्हते.

बजेट तुटपुंजं होतं. मुदत दोन महिन्यांची होती. मंडळींना दर्शनी कमान हवीच होती. यातलं काहीही खोटं नाही, आणि मी एकटा काय करणार होतो? पण वर्गात एक दिवस बसायला कुणाचा पैसा लागत होता? कुणी अडवलं होतं? त्या दिवसापासून आठ दिवस बसल्याशिवाय मी शाळेची एकही रेघ मारलेली नाही. त्यापायी दोन कामं गेली, हट्टी म्हणून नाव झालं. होऊ दे. मी ते बदलणार नाही.

तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे, म्हणून तर चिडतोय. सोमवारी त्या बालवाडीत जा. खुर्ची मागू नकोस, सतरंजीवर पोरांच्या ओळीत बस. मोबाइल पर्समध्ये, टेप हाताशी. मधल्या सुट्टीत नळापाशी थांब आणि कुणाच्या बाह्या कोपरापर्यंत भिजतात ते बघ. कडी कोण उघडतं, कोण बाईंना हाक मारतं, लिहून ठेव. शनिवारी फोन कर आणि सिल किती इंचांवर घेणार आहेस ते सांग. तोवर एलेव्हेशन पाठवू नकोस, मी उघडणार नाही.

तुझा,
सर