विषाणू सजीवांच्या वर्गीकरणात नेमके कुठे बसतात? पेशीपेक्षा ते वेगळे कसे?

कुठेच बसत नाहीत. ‘सजीव-निर्जीवाच्या सीमेवर’ हे ठरलेलं उत्तर म्हणजे प्रश्न टोलवणं आहे. 1990 मध्ये जीवशास्त्रज्ञ कार्ल वूज आणि सहकाऱ्यांनी सजीवांचे तीन मोठे गट पाडले ते रायबोसोममधल्या, म्हणजे पेशीतल्या प्रथिनं बनवणाऱ्या कारखान्यातल्या, आरएनएची तुलना करून. विषाणूकडे रायबोसोमच नाही, मग तुलना कशाची करणार? त्यांची विभागणी वेगळी: डीएनए की आरएनए, एकपदरी की दुपदरी, त्यापासून एमआरएनए (प्रथिन बनवायचा निरोप नेणारा आरएनए) कसा बनतो. ही पद्धत जीवशास्त्रज्ञ डेव्हिड बाल्टिमोर यांची, 1971 ची.

हा रायबोसोमचा मुद्दा आमच्या सांगलीकडे थेट खिशाला लागतो. टोमॅटोचा शेंडा बोकडला, पानं आखडून वर वळली, की दुकानदार स्ट्रेप्टोमायसिनची पुडी काढतो. “व्हायरस आहे, हे मारा.” अहो, स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या रायबोसोमला चिकटून त्याचं प्रथिनाचं काम बिघडवतं. ज्याचा कारखानाच नाही त्याचं गाळप कसं बंद पाडणार?

बोकड्याचा, म्हणजे पानं आखडण्याच्या या रोगाचा, विषाणू म्हणजे साधारण 2700-2800 अक्षरांचं एकपदरी डीएनएचं वर्तुळ, सहा-सात जनुकं आणि वर प्रथिनाचं कवच. बास. पेशीपटल नाही, स्वतःची ऊर्जा नाही. डीएनएची नक्कल करणारं एंझाइमसुद्धा टोमॅटोचंच वापरतो. ई. कोलायसारखा जिवाणू अशा अक्षरांच्या 46 लाख जोड्यांचा डीएनए बाळगतो आणि स्वतः वाढून दुभंगतो. विषाणू दुभंगत नाही. त्याचे सुटे भाग झाडाच्या पेशीत बनतात आणि तिथंच जुळतात. म्हणून त्याच्यावर घाव घालायला गेलं की झाडावरच बसतो.

पैसे घालायचे तर हा विषाणू झाडाझाडांत पसरवणाऱ्या पांढऱ्या माशीच्या बंदोबस्तावर घाला. रोपं 40-50 मेशच्या (बारीक छिद्रांच्या) नेटखाली वाढवा, पिवळे चिकट सापळे लावा. लागणीनंतर पहिल्या महिन्यात बोकडलेलं झाड दिसलं की उपटून, पिशवीत भरून रानाबाहेर न्या. पण आधी माशीवर फवारणी घ्या. नाहीतर झाड हलवल्याबरोबर ती उठून शेजारच्या सरीत बसते, पोटात विषाणू घेऊन.

हां, आकारावरून मात्र फरक ठरवू नका. 2003 मध्ये ओळख पटलेल्या मिमिव्हायरसचा डीएनए सुमारे 12 लाख जोड्यांचा आहे, काही जिवाणूंपेक्षा मोठा. रायबोसोम त्याच्याकडेही नाही.

आणि झाड हिरवंगार असतानाच मान टाकत असेल तर तो बोकड्या नव्हे, जिवाणूजन्य मर असू शकते. बुडाजवळचा खोडाचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा टांगा. काही मिनिटांत कापातून दुधट धागा खाली उतरला तर ते जिवाणू. मर लागलेलं झाडही फवारणीनं उठत नाही, एवढं पुडीचं बिल करायच्या आधी दुकानदाराला सांगा.