मुलाच्या ग्रीन कार्डसाठी जमीन विकावी का?

काका, तुमचा मेल दोनदा वाचला. मुलगा डॅलसला मास्टर्स करून ओपीटीवर (शिक्षणानंतर काही काळ मिळणारी कामाची परवानगी) नोकरी करतोय, एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत दोनदा नंबर लागला नाही, आणि आता नाशिकची हायवेलगतची जमीन विकून जे ८ कोटी येतील ते ईबी-५ मध्ये, म्हणजे अमेरिकेत गुंतवणूक करून ग्रीन कार्ड मिळवायच्या व्हिसात, घालायचे असं तुमच्या नि काकूंच्या मनात आहे. मग हाताशी राहणार राहतं घर, ६० लाखांची एफडी आणि पेन्शन. माझं मत आधीच सांगते, सध्याच्या आकड्यांत हे करू नका.

हिशोब बघा. ग्रामीण किंवा जास्त बेरोजगारीच्या भागातल्या प्रोजेक्टला ८ लाख डॉलर लागतात, त्यावर प्रोजेक्टवाल्यांची फी आणि वकील, म्हणजे साडेआठ लाख धरा. डॉलर ८५ रुपये धरला तरी सव्वासात कोटी झाले. एलआरएसखाली, म्हणजे परदेशी पैसे पाठवायच्या रिझर्व्ह बँकेच्या योजनेत, माणशी आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरच पाठवता येतात, म्हणजे दोघांनी मार्चमध्ये पाच लाख आणि उरलेले १ एप्रिलनंतर, आणि दरवेळी माणशी १० लाखांच्या वर २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, बँक आधीच कापणार. तो जवळपास १ कोटी ३५ लाख होतो. जमिनीवर कर बसला तर त्यात वळता होईल, बाकीचा रिटर्न भरल्यावर परत मिळेल, पण तोपर्यंत अडकलेलाच ना! एकूण साडेआठ कोटींच्या वर गेलं, म्हणजे एफडी मोडावी लागणार, आणि बाहेर पैसे पाठवायला बँक कर्ज देणार नाही.

एजंट म्हणतो पाच वर्षांत पैसे परत, गॅरंटी. काका, इथेच मला काळजी वाटते, कारण या व्हिसाच्या नियमातच आहे की पैसा जोखमीत असला पाहिजे, परतीची हमी लिहून दिली तर अर्जच अडचणीत येतो. व्हरमाँटच्या जे पीक स्की रिसॉर्टवर २०१६ मध्ये अमेरिकेच्या एसईसीने (तिथली शेअर बाजार नियामक संस्था) फसवणुकीची केस केली, तिथे पैसे घातलेले लोकही असंच ग्रीन कार्डासाठी आलेले होते.

अजून एक, अर्जदार मुलगा असेल तर तुम्हा दोघांना त्यातनं ग्रीन कार्ड मिळत नाही. हे एजंटने सांगितलेलं दिसत नाही.

मुलाच्या बाजूने चांगली गोष्टही आहे, ग्रामीण प्रोजेक्टला २० टक्के व्हिसा राखीव आहेत, आणि तो तिथेच असल्यामुळे तेव्हा त्या गटात व्हिसा उपलब्ध असेल तर ग्रीन कार्डचा अर्ज सोबतच भरून वर्क परमिट मागता येतं, लॉटरीची वाट बघायला नको. म्हणून दार बंद करा म्हणत नाही. पण तुमच्या दोघांच्या म्हातारपणासाठी किमान दीड-दोन कोटी बाजूला काढून ८ लाख डॉलर उभे राहत असतील तरच. काकूंच्या गुडघ्याच्या ऑपरेशनचं तुम्ही शेवटी एका ओळीत लिहिलंय, ते पैसे कुठून येणार होते?

टोकन घेतलं नसेल तर थांबा. मुलाला एजंटच्या ओळखीचा नसलेला तिथला इमिग्रेशन वकील गाठायला सांगा, आणि त्याची ओपीटी नेमकी कधी संपते ती तारीख मला कळवा.