इम्युनिटीचे डबे राहू दे, आधी ताट बघ

अरे भाऊ, इम्युनिटी वाढवायला महागाचे बूस्टर कशाला मागवायलास, आधी जेवायलास काय ते सांग. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेवगा, जवसाची चटणी रोज असली की अर्धं काम झालं बघ. व्हिटॅमिन सी पायजे तर पेरू खा, 100 ग्रॅमात 200 मिलिग्रॅमच्या आसपास मिळतं. झिंक मनानं घेऊ नको, रोज 40 मिलिग्रॅमच्या वर बरेच दिवस गेलं की अंगातलं कॉपर कमी व्हायलंय. व्हिटॅमिन डी ची 60,000 युनिटची गोळी हप्त्याला एक असते, आमच्या पाहुण्यानं रोज खाल्ली होती (!), टेस्ट करून डॉक्टरला विचारूनच घे. अन् गुळवेलीचा काढा, मी पण लॉकडाऊनमधी लई ढोसला, पण लिव्हरला त्रास झालेल्या केसेस आहेत, शुगरची गोळी चालू असली तर आधी डॉक्टरला विचार.